सुप्याची होळी आणि पुढची पेरणी



'पुणे-सुपे' हा जोडशब्द आपण शिवचरित्रात लहानपणापासून ऐकत आलो आहो. शहाजीराजांच्या जहागिरीतील हे दोन परगणे. त्यांपैकी पुण्याचे पुढे काय झाले हे आपणांस सांगावयास नको. सुपे मात्र कऱ्हेच्या उत्तरेस, मोरगावापासून जवळच, बारामती तालुक्याच्या जिरायती भागात आपले जुने नाव सांभाळून राहिले. मोरगावच्या गणपतीला जाणारे यात्रेकरू त्याच्या शेजारून जातात; पण मुद्दाम थांबून 'येथे काय घडले?' असे विचारणारा विरळा. आज मी तुम्हांला तेथे थोडा वेळ थांबवणार आहे.

सुप्याची पहिली गोष्ट आपल्या ओळखीची आहे आणि ती सभासदाच्या बखरीत आली आहे. शहाजीराजांनी सुप्याचा कारभार संभाजी मोहित्यांकडे दिला होता. हे शिवाजीमहाराजांच्या सावत्र मातोश्रींचे बंधू, म्हणजे नात्याने मामा. शिमग्याचे पोस्त मागण्याच्या मिषाने महाराज मामांकडे गेले आणि त्यांना कैद करून ठाणे घेतले. तीनशे घोडी आणि पुष्कळ द्रव्य हाती लागले. एवढ्यावरच गोष्ट संपत नाही. महाराजांनी मामांना 'आमच्यापाशी राहा' असे सांगून पाहिले. मामा राहीनात, तेव्हा त्यांना शहाजीराजांकडे पोचते केले. निर्णय कठीण होता. समोर वडिलांनी नेमलेला माणूस आणि घरचे नाते. महाराजांनी सत्ता काढून घेतली, अपमान केला नाही. आणि ज्याच्याकडून सत्ता काढली त्याला जाण्यासाठी एक वाट मोकळी ठेवली. ही 'वाट' लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत तिचेच महत्त्व आहे.

कारण सुप्यास शिमगा आणखी एकदा आला. या खेपेस तो फाल्गुनात आला नाही, ऐन वैशाखात आला; आणि होळीत गोवऱ्यांऐवजी कागद होते.

दिनांक १२ मे १८७५. वार बुधवार, सुप्याचा बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. गाव व्यापाराचे, सावकारांच्या दुकानांचे. आसपासच्या गावांतली कुळे तेथे बाजाराला येत. त्या दिवशी जमलेली माणसे बाजार करून परतली नाहीत. त्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांना व घरांना वेढा घातला. मागणी एकच होती: वह्या काढा, खते काढा. हाती आलेले कागद जाळले गेले, धान्याची दुकाने लुटली गेली. चोवीस तासांच्या आत चौदाएक मैलांवरच्या दुसऱ्या गावी एका मोठ्या सावकाराच्या गंजी जळाल्या आणि घरालाही आग लागली. मग ही लाट भीमथडीतून इंदापूर, पुरंदर, हवेली, शिरूर अशी पसरली. भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत गेली. तीसांहून अधिक गावी असे प्रकार घडले. लष्कर बोलवावे लागले. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसे पकडली गेली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. इतिहासात हे प्रकरण 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले. त्याला २०२५ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली.

या दंग्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने एक कमिशन नेमले. त्याच्या अहवालात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. लोकांना हवे होते ते कागद. सावकाराने मुकाट्याने खते पुढे केली की बहुतेक ठिकाणी जमाव आणखी काही न करता पांगत असे. अडवणूक झाली तेथेच धाकदपटशा आणि जाळपोळ. रक्तपात जवळजवळ झालाच नाही. पिसाळलेला जमाव म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याला आपल्या दुःखाची गाठ नेमकी कोठे बसली आहे हे ठाऊक होते. ती गाठ कागदात होती.

ही गाठ कशी बसली ते थोडक्यात पाहू, कारण दुखणे कळल्यावाचून वैद्याची परीक्षा करता येत नाही.

पेशवाई गेल्यानंतर इंग्रजी सरकारने या मुलखात शेतसाऱ्याची नवी पद्धत बसवावयास घेतली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पाहणी सुरू केली आणि जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे असा हिशेब धरला. हिशेब कागदावर चोख होता. शेतावर तो खोटा ठरला. सारा भरवेना म्हणून माणसे जमिनी टाकून निघून गेली. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि त्याच्याबरोबर विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली, जमिनीची प्रतवारी लावली, सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे सबंध मुंबई इलाख्यात जी जमीनमोजणी आणि साराआकारणी चालली, तिचा पाया आपल्या शेजारच्या इंदापुरात घातला गेला. पडीक जमिनी पुन्हा वहिवाटीस आल्या. चुकलेला निर्णय मागे घेता येतो आणि तो मागे घेतल्याने राज्याची लाज जात नाही, हा धडा इंदापूरने दिला होता. पुढे तो विसरला गेला.

सारा आता रोख, ठराविक दिवशी आणि प्रत्येक खातेदाराच्या नावावर. पाऊस मात्र ठराविक दिवशी येत नाही. मधले अंतर भरून काढणारा माणूस सावकार. सावकार पूर्वीही होता; पण पूर्वी त्याला गावात राहायचे होते, वसुलीला गावाची संमती लागे, पंच होते, आणि व्याज मुद्दलाच्या वर चढू नये हा दामदुपटीचा दंडक होता. इंग्रजी कोर्ट आले आणि सावकाराला गावाची गरज उरली नाही. व्याजाच्या मर्यादेचा कायदा १८५५ मध्ये रद्द झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाच्या कल्याणाचा. फळ उलटे. दर तीन वर्षांनी सावकार जुन्या खतातले मुद्दल आणि व्याज एकत्र करून त्या सबंध रकमेचे नवे खत लिहून घेऊ लागला. अक्षरशत्रू कुळाने अंगठा उठवावयाचा आणि कोर्टाने अंगठा पाहून हुकूमनामा द्यावयाचा. खतामागे काय घडले हे विचारण्याची कोर्टाला वाट नव्हती. ज्या विंगेटने इंदापूरची पाहणी केली, त्याने कुळ आणि सावकार यांचे संबंध किती विषारी होत आहेत याचा इशारा १८५२ मध्येच दिला होता.

त्यातच अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली होती. तिच्या कामावर मजुरीही मिळाली होती. सावकार पाहिजे तेवढे कर्ज देऊ लागला आणि कुळ घेऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला. आणि ह्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांची तीस वर्षांची मुदत संपून सारा नव्याने ठरू लागला. तो तेजीच्या दिवसांवर नजर ठेवून ठरला. पुष्कळ गावी दीडपट, काही ठिकाणी दुपटीपर्यंत गेला. पुढे ओरड झाल्यावर १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली. पण तोवर घाव बसून गेला होता. आणि १८७४-७५ च्या हंगामात सावकारांनी हात आखडता घेतला. जुने कर्ज मागावयाचे, नवे द्यावयाचे नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने कुळावर हुकूमनामा बजावून घराला हात घातला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी, परीट, पाणक्या कोणीही त्यांचे काम करू नये असे ठरले. तेथून बहिष्कार गावोगाव गेला आणि लोक तशी संमतिपत्रे लिहून घेऊ लागले. त्यानंतर पाच महिन्यांनी सुपे.

मित्रहो, आता मी माझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

मे महिन्याच्या बाराव्या दिवशी खते जळाली. मृग त्या दिवशी एका महिन्यावर आला होता. जुने कर्ज राखेत गेले असे घटकाभर मानू. पण बाजरीचे बी कोणाकडून आणावयाचे? बैल बसला तर दुसरा कोण देणार? पुढच्या हप्त्याचा सारा कोण भरणार? ज्याचे घर आपण काल जाळले, तोच ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होता. वाईट उत्तर, पिळून काढणारे उत्तर. पण त्या घडीला गावात दुसरे नव्हते. सुप्याच्या लोकांना गाठ कोठे आहे ते बरोबर कळले होते. ती सोडवल्यावर पुढची पेरणी कशी होईल हे सांगणारा माणूस मात्र त्या बाजारात नव्हता. माझ्या मते लोकनायकाचे काम नेमके येथे सुरू होते. राग लोकांजवळ असतोच, तो शिकवावा लागत नाही. रागानंतरच्या पेरणीची तजवीज शिकवावी लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या मनाला बोचली तरी बोलली पाहिजे. सावकारी सगळ्या जातींची माणसे करीत. पण दंग्यांचा रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. गावच्या इतर सावकारांना फारसा उपद्रव झाला नाही. त्यांचा व्याजाचा दर काही धर्मादाय नव्हता. ते 'आपले' होते एवढेच. लोकांचा राग अन्यायाचा शोध घेत निघतो आणि वाटेत परक्या माणसापाशी थांबतो, असे जगात सर्वत्र होते. ज्या पुढाऱ्याला लोकांची मर्जी हवी असते तो त्यांना तेथेच थांबवतो. ज्याला त्यांचे हित हवे असते तो 'अजून पुढे चला' म्हणतो. पुढे कोर्ट होते, मुदतीचा कायदा होता आणि सरकारचा सारा होता.

'पुढे चला' म्हणणारी माणसे त्या वेळी पुण्यात होती. सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली होती आणि तिचा प्राण होते गणेश वासुदेव जोशी. लोकांनी त्यांना 'सार्वजनिक काका' म्हटले यातच सर्व आले. सभेने खेड्यांतील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी दंग्यांच्या दोन वर्षे आधी, १८७३ मध्येच केली होती आणि सारावाढीविरुद्ध अर्ज केले होते. सभेचे मार्गदर्शक महादेव गोविंद रानडे १८७१ पासून पुण्यास सरकारी न्यायाधीश होते. एक योग येथे सांगण्यासारखा आहे. ज्या १८७५ च्या वसंतात सुप्यास वह्या जळाल्या, त्याच वर्षी रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एकीकडे वाचता न येणारी माणसे कागद जाळीत होती. दुसरीकडे वाचणारी माणसे ऐकायला जमत होती. या दोन जमावांमध्ये किती मैलांचे अंतर होते? सुपे ते पुणे, एवढेच नव्हे. आपण आज येथे बसून बोलतो तेव्हा ते अंतर आपल्यालाही मोजावे लागते.

या मंडळींपुढचा पेच पाहा. दंगेखोरांची बाजू घ्यावी तर सरकार सभेलाच दंग्याची आई म्हणणार. सरकारची घ्यावी तर शेतकऱ्याला वाली उरणार नाही. गप्प बसावे तर इतकी वर्षे केलेली चौकशी फुकट. त्यांनी जाळपोळीचे समर्थन केले नाही आणि जाळपोळीचे कारण सांगण्याचेही सोडले नाही. सारा जड आहे, हे सरकारला आवडणार नव्हते, ते सांगितले. सावकार बुडवून शेती चालणार नाही, त्याच्या जागी स्वस्त भांडवल उभे केले पाहिजे, हे लोकांना आवडणार नव्हते, तेही सांगितले. प्रत्येकाला त्याला नको असलेले अर्धे सत्य सांगणे, यापेक्षा अवघड कामगिरी सार्वजनिक जीवनात नाही. विशेष म्हणजे चौकशी कमिशनवरील ऑकलंड कॉल्व्हिन या इंग्रज अधिकाऱ्यानेही आपले वेगळे टिपण जोडून साऱ्याच्या आकारणीवर बोट ठेवले. सत्य सांगण्याला जात नसते.

मग १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला. तो पाहून पेटून उठलेल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये बंड उभारले. ती वाट सार्वजनिक काकांची नव्हती. पण फडके पकडले गेले आणि खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घ्यावयास कोण उभे राहिले? गणेश वासुदेव जोशी. ज्याचा मार्ग आपल्याला मान्य नाही त्याच्या न्यायाच्या हक्कासाठी, सरकारची वक्रदृष्टी पत्करून, उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, काका वारले. रानड्यांवरही त्या बंडाच्या धामधुमीत संशयाची छाया पडली आणि त्यांची बदली धुळ्यास झाली. ते गेले. त्यांनी काम सोडले नाही आणि कडवटपणाही धरला नाही.

त्याच १८७९ साली सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. सुप्याच्या होळीत जे मागितले गेले होते ते येथे कलमांच्या भाषेत आले. आता न्यायाधीशाला खतामागे जाऊन व्यवहाराचा सबंध इतिहास तपासता येऊ लागला: मुद्दल किती, व्याज किती, खत किती वेळा बदलले. जुन्या दामदुपटीचा न्याय पुन्हा मान्य झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. खास तारण दिलेली नसेल तर जमीन कर्जापायी विकता येईना. दस्तऐवज गावच्या नोंदणी करणाऱ्यासमोर लिहावयाचा, पैसे मिळाल्याची पावती आणि हिशेब सावकाराने द्यावयाचा असे ठरले. दावा कोर्टात जाण्याआधी तडजोडीची सोयही झाली. जो कागद कुळाचा वैरी होता, त्याला कुळाचाही साक्षीदार करण्याचा हा प्रयत्न होता.

या कायद्याच्या कामावर पुढे रानडेच आले. १८८७ पासून १८९३ पर्यंत, म्हणजे हायकोर्टाचे न्यायमूर्ती होईपर्यंत, ते त्याचे खास न्यायाधीश होते. या जिल्ह्यांतून फिरावयाचे, खालच्या कोर्टांचे निवाडे तपासावयाचे, चुकलेले दुरुस्त करावयाचे, असे ते काम. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचे चित्र आहे. ज्यांनी कायदा कसा असावा यावर लेख लिहिले, तेच आता बैलगाडीच्या वाटेने जाऊन तो गावोगाव कसा चालतो ते पाहत होते. सुधारणेचा ठराव करणारे शेकड्यांनी सापडतात. ठराव झाल्यावर त्याची रोजची हमाली करणारे थोडे.

पण मी येथे थांबलो तर आपली फसवणूक केल्यासारखे होईल. कायद्याने खताची नांगी मोडली. पेरणीचा प्रश्न अर्धाच सुटला. तारण नसलेल्या कर्जाचा भरवसा गेल्यावर सावकार कर्ज देईना, किंवा दिले तर गहाणखताऐवजी सरळ विक्रीखतच लिहून घेऊ लागला. पैसे फिटले की जमीन परत, असे तोंडी बोलणे. आणि तोंडी बोलण्याला कोर्टात किंमत किती, हे आपण जाणता. चांगल्या कायद्याच्या आडोशाने जमिनी गेल्या. याचे कारण जुनी वाट बंद झाली आणि नवी तयार नव्हती. ती तयार करण्याची योजना झाली नव्हती असे नाही. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी शेतकी पेढी काढण्याची योजना १८८० नंतरच्या वर्षांत मांडली. रानडे आणि पुण्याची मंडळी तिच्या पाठीशी होती. मुंबई सरकार अनुकूल, हिंदुस्थान सरकार अनुकूल. विलायतेतल्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतर १९०४ मध्ये आला. मधल्या दोन दशकांत ज्या घरांतून जमिनी गेल्या, त्यांना ह्या दिरंगाईचा हिशेब कोणी दिला नाही.

पेरणीचा दुसरा आधार पाणी. दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला, भाटघरचे धरण झाले, आणि बारामती-इंदापूरच्या दक्षिण भागाचे रूप पालटले. ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे विसाव्या शतकात माळेगाव, सोमेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले. ज्या मुलखात शेतकऱ्याने कर्जाच्या वह्या जाळल्या, तेथेच त्याने भागीदार म्हणून आपले नाव कारखान्याच्या वहीत लिहिले. सुपे मात्र कालव्याच्या वरच्या अंगाला, जिरायतीतच राहिले. बदल कोणाच्या दारी येतो आणि कोणाच्या वेशीवरून वळतो, हेही पुढाऱ्याने पाहावयाचे असते. आणि हा पाट सरळ रेषेने कधीच जात नाही.

शेवटी एक गोष्ट, आपणा सर्वांच्या ओळखीची. सुप्याच्या होळीआधी अडीचशे वर्षे, याच पुणे मुलखात, देहूला कर्जाची खते नष्ट झाली होती. तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३०-३१ च्या दुष्काळाने घर होरपळल्यावर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खते काढली. परंपरा असे सांगते की त्यांनी ती इंद्रायणीत सोडली. पण सगळी नाही. भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याच्या हाती दिला आणि केवळ आपल्या वाट्याची खते बुडवली. या 'निम्म्या'त फार मोठे शहाणपण आहे. दुसऱ्याच्या त्यागावर त्यांनी आपले औदार्य उभे केले नाही. कान्होबाला संसार करावयाचा होता. त्याच्यापुढची पेरणी त्यांनी मोडली नाही.

सुप्याच्या लोकांनी दुसऱ्याचे कागद जाळले, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही. त्यांच्यापाशी जाळण्याजोगे स्वतःचे काही उरलेच नव्हते. पण ज्यांच्यापाशी काही आहे, नाव, अधिकार, जमीन, विद्या, अशांनी बदलाची गोष्ट बोलताना देहूकडे पाहावे. आपल्या वाट्यातले काय आपण प्रथम सोडणार आहो? महाराजांनी मामांचा मुलाहिजा सोडला, पण मामांना वाट ठेवली. सार्वजनिक काकांनी सरकारची मर्जी सोडली. रानड्यांनी पुण्यातली आपली बसलेली घडी सोडली. त्यांचा शब्द लोकांनी मानला, कारण निर्णयाची किंमत आधी त्यांच्या स्वतःच्या खात्यावर पडली होती.

आज सावकाराचे रूप बदलले आहे, खताचेही बदलले आहे. सही अंगठ्याची असो वा यंत्रावरच्या बोटाची, न वाचता दिलेली सही ही सहीच. उद्या आपल्या गावात, आपल्या संस्थेत, आपल्या घरातसुद्धा एखादी जुनी वही जाळण्याचा दिवस येईल. त्या दिवशी पुढे होऊन काडी ओढणारे पुष्कळ असतील. त्या गर्दीत कोणीतरी एकाने आभाळाकडे पाहून विचारले पाहिजे, 'मृग किती दिवसांवर आला? बी कोठे आहे?' ज्याला हा प्रश्न सुचतो आणि ज्याच्या स्वतःच्या कणगीतले बी तो आधी बाहेर काढतो, त्याच्या मागे लोकांनी जावे.